एका थेंबासाठी थांबलेला आरा

"हात काढा त्या चिमट्यावरून! बाटलीतला एक थेंब खाली येऊ देऊ नका!"

शकू, तुझ्या गळ्यातून असा आवाज निघू शकतो हे मला त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं, आणि इतकी वर्षं आपण एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसत होतो. तू बोलायचीस ती काचेशी, तेही पुटपुटत. पण त्या दिवशी धंतोलीतल्या त्या बालरुग्णालयात तू अशी ओरडलीस की सीताबर्डीच्या किल्ल्यावर शिपायांनी बंदुका सावरल्या आणि खिडकीतली कबुतरं जी उडाली ती थेट रामटेकला जाऊन उतरली.

लगेच तुझा चेहरा दिसला बघ. बरं बाई, कबुतरं समोरच्या गच्चीवरच बसली. आता तरी पुढे सांगू दे.

सिस्टरचा हात नळीच्या चिमट्यावरच थिजला. वर रक्ताची बाटली टांगलेली, खाली खाटेवर वर्षही न भरलेलं एक पोर. ओठांचा रंग उडालेला, आणि दोन्ही हात असे सुजलेले की बोटं वेगळी दिसत नव्हती. त्याची आई लीला पारशिवनीच्या पलीकडच्या गावातून एसटीने आली होती. ती खाटेच्या पायाला धरून जमिनीवर बसली होती. मी दारात उभी, हातात बर्फाचा थर्मास, तोंड उघडं.

"बाई, हा वॉर्ड आहे, कॉटन मार्केट नाही," डॉक्टर म्हणाले. "पोर पांढरं पडलंय, दिसत नाही का?"

"रक्त द्याच. पण त्याआधी मला त्याचं स्वतःचं हवंय. तुमची बाटली आत गेली की पुढे कितीतरी आठवडे त्याच्या अंगात दोघांचं रक्त फिरणार. मग त्याचं कोणतं आणि दुसऱ्याचं कोणतं, हे कुणालाच सांगता येणार नाही."

"सकाळी घेतलं ना?"

"ते गोठलं. तुमच्या सिस्टरला शीर सापडली नाही, आणि जे आलं त्याची बाटलीत जेली झाली."

"मग आता कुठून काढणार? तुमच्याच लॅबला औषधाच्या बाटलीभर रक्त लागतं."

"माझ्या लॅबला लागतं. मला एक थेंब पुरे."

आता हे वाचणाऱ्यांसाठी सांगते, कारण तू सांगणार नाहीस, तू तर आता काहीच सांगणार नाहीस. डॉक्टरांना वाटत होतं की पोराच्या बोटांच्या हाडांत पू झालाय. दिवेलागणीला बाहेरचे सर्जन येणार होते. भूल देऊन हात चिरायचे ठरलं होतं, आणि त्याला ते सोसावं म्हणून आधी रक्त. तुला वाटत होतं, पू नाहीच. हा सिकलसेल आहे. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि तान्ह्या मुलांचे हात असेच सुजतात. तसं असेल तर चिरून हाती काही लागणार नव्हतं, आणि ती भूल त्याच्या जिवावर बेतली असती. डॉक्टरही काही राक्षस नव्हते, हे मला आता पिकल्या केसांनी कबूल करावं लागतं. खरंच पू असता आणि ते थांबले असते, तर पोराची बोटं गेली असती.

"काचपट्टीवर पेशी वाकलेल्या दाखवाल," ते म्हणाले, "त्या तिकडच्या कितीतरी धडधाकट माणसांच्याही वाकतात. पेशी वाकल्या म्हणून हाडातला पू वाकत नाही."

"म्हणूनच काचेवर नाही, विजेच्या पट्टीवर रक्त चालवते. नुसता वाहक आहे की रोगीच आहे, ते संध्याकाळच्या आत सांगते."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "घ्या तुमचा थेंब. सर्जन आले की मी कुणासाठी थांबणार नाही."

तू खाली बसलीस. पोराची टाच हातात धरून ऊब दिलीस. इतकी हळू, की मला ओरडावंसं वाटलं, अगं टोच ना! लीलाने विचारलं, "बाई, हात कापतीन का जी याचे?" तू मान वर न करता म्हणालीस, "तेच पाहून राहिलो वं. दम धर." आणि टोचलंस. केसाएवढ्या दोन काचनळ्या त्या थेंबाला लावल्यास आणि रक्त आपल्या पायांनी वर चढलं. मग तूच सिस्टरला म्हणालीस, "आता सोडा चिमटा."

त्या नळ्यांवरून मी तुझी किती टिंगल केली! फुटक्या पिपेट गोळा करायच्या, स्पिरिटच्या दिव्यावर तापवून ओढायच्या आणि त्यांचे काचेचे केस करायचे, हा तुझा उद्योग. मी सगळ्यांना सांगायचे की आमच्या शकूने मुंगीसाठी उसाच्या रसाची नळी बनवलीय, रसवंतीवाला मागायला आला होता. तू हसायची नाहीस. तुझं म्हणणं साधं होतं. आया सिरिंज पाहिली की पोरं पदराखाली लपवतात. बाटलीभर रक्त मागू तर कोण देईल? मग रक्त धुणं, पेशी फोडणं, साका काढून टाकणं आणि आतलं लाल प्रथिन मोकळं करणं, ही सगळी तयारी थेंबातच व्हायला हवी. आम्ही ज्याला परीक्षानळ्यांचा अख्खा स्टँड मांडायचो, ते तू एका नळीत करायचीस. नळी मशीनमध्ये गरगर फिरवली की पेशी तळाला आणि पिवळं पाणी वर. त्या दोघांच्या बरोबर सीमेवर कानस लावून नळी मोडायची. मिठाच्या पाण्याने पेशी धुवायच्या. डिस्टिल्ड वॉटर दिलं की त्या फुटतात. पुन्हा फिरवायचं. जे उरलं ते हिमोग्लोबिन, पट्टीवर ठेवायला तयार.

आणि मेण! नळीचं टोक आम्ही सगळे ज्योतीवर बंद करायचो, जगाची तीच रीत. त्याने टोकापाशी रक्त शिजतं, मोठ्या नळीत कुणाच्या लक्षातही येत नाही. पण तुझ्या नळीत टोकापलीकडे रक्त होतंच कुठे! पहिल्या कितीतरी पट्ट्यांवर नुसता तपकिरी डाग आला आणि आपण त्या डागाला नवीन आजार समजून नाव शोधत बसलो होतो, आठवतं? मी तर त्याला 'नागपुरी हिमोग्लोबिन' म्हणून मोकळी झाले होते. मग तुला कळलं की आपण रक्ताची भाजी करून राहिलो. तेव्हापासून ज्योत बंद, मेण सुरू.

तर त्या दुपारी आपण आपल्या लॅबमध्ये धावलो. लॅब म्हणजे काय, जिन्याखालची खोली. दोन्ही नळ्या मशीनमध्ये ठेवल्या, झाकण लावलं, आणि आतून टिक् असा आवाज आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. एक नळी फुटली होती. तू झाकण उघडलंस, लाल ठिपके पाहिलेस, फडक्याने पुसलेस. माझ्याकडे पाहिलं नाहीस, बरं केलंस, मी रडले असते. उरलेली नळी उचललीस. कानस, टक्. मिठाचं पाणी. मी श्वास धरून उभी होते कारण तुझा हुकूमच होता, नळीवर श्वास सोडायचा नाही. मी इतका वेळ श्वास धरला की माझा रंग बदलून... जाऊ दे.

तयारी झाली. पट्टी ओली करून टाकीत ताणून बसवली. आता फक्त थेंब ठेवायचा आणि बटण दाबायचं. तू हात पुढे केलास आणि वरचा पंखा हळू झाला. मग थांबला.

वीज गेली.

"येईल," मी म्हणाले.

"थेंब पट्टीवर नाही ठेवला ते बरं झालं," तू म्हणालीस. नळी थर्मासात बर्फावर ठेवलीस. बाहेर जाऊन विचारून आलीस. सगळी धंतोली बंद होती, आणि कधी येईल हे कुणाला माहीत नव्हतं. तू टेबलाशी उभी राहिलीस आणि तुझा अंगठा थर्मासाच्या झाकणावर वाजत होता.

आता माझी फुशारकी ऐक. लकडगंजचा तो आरा माझ्या डोक्यात आला! माझ्या दिराच्या लग्नातल्या पलंगाचं लाकूड तिथे कापलं होतं, आणि तेव्हा मी पाहिलं होतं की आऱ्याचे मालक मोटाभाई यांच्याकडे स्वतःचं डिझेलचं जनरेटर आहे. मी टाकी उचलली, तू टाकीला वीज देणारा पॉवर पॅक उचललास, द्रावणाच्या बाटल्या माझ्या पिशवीत, थर्मास तुझ्या मांडीवर, आणि सायकल रिक्षा. लोकांना मी सांगते की रिक्षावाल्याने वाटेत दोन ट्रक मागे टाकले आणि टेकडीच्या उतारावर आपण जमिनीला टेकलोच नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मंगे, वाटेत टेकडी कुठं आहे वं?" नाही गं. ऊन मात्र होतं, आणि तू आपला पदर स्वतःच्या डोक्यावरून काढून थर्मासावर टाकला होतास. हे मी कुणाला सांगत नाही. हे खरं असल्यामुळे लोकांना पटत नाही.

लकडगंजच्या त्या गल्लीत वीज नव्हतीच, पण मोटाभाईंचं जनरेटर धडधडत होतं आणि आरा सागवानाच्या ओंडक्यात घुसून किंचाळत होता. मोटाभाई डोक्यापासून पायापर्यंत भुशाने माखलेले. "क्या हुआ बेन, पलंग टूट गया?"

मी तोंड उघडलं, माझी कथा गोंदियापासून सुरू होणार होती. तू मला कोपराने मागे सारलंस. "एक बच्चे का हाथ काटने वाले हैं. शायद काटना ग़लत है. ये डिब्बा एक घंटा चलेगा तो पता चलेगा. लेकिन आरा लकड़ी में जाएगा तो बिजली कम पड़ेगी और सब बिगड़ जाएगा."

मोटाभाईंनी तुझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मग असे ओरडले की तुझी वॉर्डातली ओरड अंगाईगीत वाटावी, "सब बंद! पट्टा उतारो!"

आरा थांबला. एवढ्या मोठ्या आवाजानंतरची शांतता कानाला दुखते. मजूर ओंडक्यांवर बसले. एका सुताराने पाणसळ लावून फळी समपातळीत केली, तिच्यावर टाकी ठेवली. आपल्या दोघींचं हिमोग्लोबिन थर्मासात आधीच तयार असायचं; तू पट्टीवर तीन ठिपके ठेवलेस. एक माझ्या रक्ताचा, निरोगी. एक तुझ्या. एक त्याचा.

इथे थोडं थांबते शकू. तुझ्या रक्ताबद्दल तू कधी भाषण केलं नाहीस. पट्टीवर तुलनेसाठी एक निरोगी आणि एक वाहक लागतो. तू पहिल्याच दिवशी माझ्या बोटाला टोचलंस, मग स्वतःच्या, आणि तुझ्या जागी दोन रेघा उमटल्या. "हे बरं आहे," म्हणालीस, "वाहक शोधत फिरायला नको." बस. तुझा मोठा भाऊ हातपाय दुखून दुखून गेला, त्याला सगळे वाताचं दुखणं म्हणत राहिले, हे मला तुझ्या आईकडून कळलं. तू लग्न का केलं नाहीस, हे मात्र कुणाकडूनच कळलं नाही. स्थळ आलं की शकू आधी मुलाच्या बोटाला सुई टोचते, ही गोष्ट मीच धंतोलीभर पसरवली. ती खोटी होती. खरी कोणती होती, हे विचारायला मला कायम वाटायचं की पुष्कळ वेळ आहे.

परवा मी पट्टी लावायला बसले. माझा ठिपका ठेवला. मग सवयीने तुझ्याकडे हात केला, बोट दे म्हणून. समोर तुझी खुर्ची.

असो. आरा. थांबलेल्या आऱ्यात आपण बसलो होतो. आत काय चाललं होतं हे मी मजुरांना समजावलं, की विजेच्या धक्क्याने प्रथिनं पळतात, ज्याची जशी जात... तू डोळे वटारलेस. ज्याचा जसा भार, मी म्हटलं. निरोगी हिमोग्लोबिन पुढे पळतं, वाकड्या पेशींचं मागे राहतं. मजुरांनी लगेच बाजू वाटून घेतल्या, एक म्हणाला, "पोट्ट्याचा ठिपका फुडं जाईन, पाहजा तुमी." बैलांच्या शर्यतीलाही इतकी माणसं अशी गप्प बसत नाहीत.

मधेच लाकडाचा ट्रक आला. मागच्या बाजूच्या एका मजुराला काही ठाऊक नव्हतं, त्याने लहान आऱ्याचा खटका ओढला. पॉवर पॅकचा काटा खाली पडला. तू त्या दिवशी दुसऱ्यांदा ओरडलीस. शब्द नव्हताच त्यात. मोटाभाई चप्पल हातात घेऊन मागे धावले, खटका बंद झाला, काटा चढला. तू टाकीवर वाकून बसलीस, जणू अंगाची ऊब देऊन तू ती पट्टी वाचवणार होतीस.

वेळ संपल्यावर पट्टी लाल रंगात बुडवली, मग जेवणाच्या डब्याच्या झाकणात ॲसिटिक ॲसिड ओतून धुतली. सगळ्या आऱ्यात लोणच्यासारखा आंबट वास पसरला. रंग उतरत गेला आणि रेघा वर आल्या. माझी एक, पुढे. तुझ्या दोन, एक पुढे आणि एक मागे. त्याची मागे, जाड. तिच्या जरा पुढे एक फिकट सावली, तान्ह्या बाळांच्या अंगात उरलेल्या जन्माच्या हिमोग्लोबिनची. आणि जिथे माझी होती, तिथे कोरी पट्टी.

"क्या निकला बेन?"

"हाथ नहीं काटना है," तू म्हणालीस.

मजुरांनी जो गलका केला! मोटाभाईंनी चहा सांगितला. मीही नाचले असते, पण तुझ्याकडे पाहिलं. तू त्या कोऱ्या जागेकडे पाहत होतीस. हात वाचले होते, आणि आजार पक्का झाला होता. आपण चहा न पिता निघालो.

धंतोलीत पोचलो तेव्हा सर्जन हात धूत होते. डॉक्टरांनी पट्टी उजेडाशी धरली. "हिला भुसा लागलाय."

"कडेला लागलाय. रेघांना नाही."

"वीज मधे कमी झाली होती म्हणता. चूक असेल तर? बोटं गेली तर?"

"हे तिचं, हे माझं, हे त्याचं," तू म्हणालीस. "वीज कमी झाली ती तिघांचीही झाली. आम्ही दोघी बरोबर जागी आहोत. मग तोच एकटा चुकीच्या जागी कसा?"

त्यांनी परत पाहिलं. खूप वेळ. मी देवाला नवस बोलले, तू बोलली नसशील. मग ते आत गेले, आणि हात धुण्याचा नळ बंद झाल्याचा आवाज आला.

बाहेर आले ते म्हणाले, "आज नाही. सलाईन लावतो. दोन दिवस सूज बघू." सूज उतरली, हे इथेच सांगून टाकते.

त्या पट्टीच्या यशावर तू थांबशील असं मला वाटलं होतं. तू उलट वेडी झालीस. म्हणे नळीही नको. काचपट्टीवर हिऱ्याच्या टोकाने केसासारखे चर काढायचे, वर दुसरी काच बसवायची. या टोकाला टाचेचा थेंब ठेवायचा, तो आपला आपण धुतला जाईल, फुटेल, गाळला जाईल आणि त्या टोकाला तयार प्रथिन निघेल. माणसाचा हात नाही, फुटायला मशीन नाही. खिशात घालून पारशिवनीला न्यायची लॅब! प्रत्येक पट्टीत एक बुडबुडा अडकायचा आणि तू त्याच्याशी सवतीसारखी भांडायचीस. मी म्हणायचे, अगं पाणी मोठ्या नळातून येत नाही नागपुरात, तुझ्या ओरखड्यातून काय येणार! आपलं हे भांडण राहिलंच. तुझ्या खणातल्या त्या काचपट्ट्या मी टाकणार नाही. त्यातून काही वाहणार नाही असं मी आजही म्हणेन, आणि कुणी दुसऱ्याने म्हटलं तर त्याच्या अंगावर धावून जाईन.

पण खरं भांडण दुसरं, आणि ते त्याच संध्याकाळचं. डॉक्टर आत गेल्यावर जिन्यापाशी मी तुझा हात धरला. "आज नको सांगू तिला. हात वाचले एवढंच सांग. एक रात्र तरी सुखाची जाऊ दे, उद्या सांगू."

"काहून?"

"आई आहे ती."

"माझीही आई होती," तू म्हणालीस. "तिलाही सगळे उद्या सांगणार होते."

मला तेव्हा तुझा राग आला होता. अजूनही थोडा आहे. पोराला आयुष्यभर पुरणारं दुखणं आहे हे ऐकायला एका बाईला एवढी काय घाई, असं मला वाटत राहिलं. तुझं चुकलं असं म्हणायला मी कितीदा तोंड उघडलं, आणि प्रत्येक वेळी दुसरीच काहीतरी थाप मारून मिटलं. तुझ्याइतका मी कुणाचा आदर केला नाही, हेही त्याच थापांखाली राहिलं. आता दोन्ही इथे लिहिते, वाच की नको वाचूस.

तू वॉर्डात गेलीस. ऑपरेशनसाठी दुपारपासून पोराचं दूध बंद ठेवलं होतं. ते रडून रडून लीलाच्या मांडीवर पडलं होतं. तू तिच्यासमोर जमिनीवर बसलीस आणि सगळं सांगितलंस. हात कापणार नाहीत. पण दुखणं रक्तातलं आहे, तुझ्याकडून थोडं, त्याच्या बापाकडून थोडं, कुणाचा दोष नाही. ते जाणार नाही. पुन्हा सुजेल, पुन्हा दुखेल. पाणी भरपूर पाजायचं, थंडीत जपायचं, ताप आला की घरी बसायचं नाही, इथे आणायचं. एकही वाक्य तू मऊ केलं नाहीस, आणि एकही वाक्य बोलताना तिच्या डोळ्यांवरून नजर काढली नाहीस. मी मागे भिंतीला टेकून उभी होते, की आता ही कोसळेल, आता हंबरडा फोडेल, आणि मी तिला सावरेन.

लीलाने सगळं ऐकून घेतलं. पोराला मांडीवर वळवून घेतलं.

"बरं बाई," ती म्हणाली. "मंग आता पाजतो त्याले."